टेलरचा हर्निया

वाटूर फाट्यावर माझं मेडिकल आणि सुदाम टेलरचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही चार इंचाची. त्याचं मशीन सुरू झालं की माझ्या कपाटातल्या खोकल्याच्या बाटल्या किणकिणायच्या. सतरा वर्षं मी तो आवाज ऐकला. गेल्या वर्षी टेलर हार्ट अटॅकनं गेला. त्या जागी आता मोबाईल दुरुस्तीवाला बसतो आणि दिवसभर कानात इअरफोनची बोंडं घालून गप्प असतो. मला ते सहन होत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढं मध्येच माझा आवाज चढला तर कारण हे आहे.

नाव मी बदललं आहे. फाटा बदललेला नाही. वाटूरचा माणूस काही केलं तरी ओळखणारच, आणि बाहेरच्याला ओळखून करायचं काय?

टेलर उंच आणि पाठीत थोडा वाकलेला. गळ्यात टेप कायम, पण तो नुसता दाखवायला. माप तो नजरेनं घ्यायचा. गिऱ्हाईक पायरी चढून आत येईपर्यंत वहीत छत्तीस-बेचाळीस लिहून मोकळा. चेहऱ्याकडं तो फारसा बघतच नसे. कोणी रस्त्यात रामराम घातला तर आधी कमरेकडं बघायचा आणि मग त्याला नाव आठवायचं. "ते गुरुजी कोण हो, अडतीस कमर, डावा खांदा उतरता?" असं मला विचारायचा, आणि आश्चर्य म्हणजे मलाही हळूहळू कळायला लागलं होतं.

कपडे कधी मिळतील, याचं त्याच्याकडं एकच उत्तर होतं. "होईन बराबर." उद्या होईल की पोळ्याला होईल, हे ज्यानं त्यानं समजून घ्यायचं.

या नजरेचा फाट्याला एक फायदा होता. एखाद्याची पँट सहा महिन्यांत दुसऱ्यांदा आत घ्यायला आली की टेलर शिलाई बाजूला ठेवायचा आणि म्हणायचा, "आधी शेजारी जाऊन सुगर चेक करा. मंग पँटीचं बघू." माणूस कुरकुरत माझ्याकडं यायचा, मी बोटाला सुई टोचायचो, आणि बहुतेक वेळा टेलर बरोबर निघायचा. तालुक्याच्या डॉक्टरला जे लघवी तपासून कळायचं, ते याला कमरेच्या चुणीवरून कळत होतं.

फक्त स्वतःची पँट तो गुपचूप आत घेत राहिला. त्याला साखर आहे हे मी शेजारी दुकान टाकल्यावर तीन वर्षांनी मला कळलं, तेही चक्कर येऊन तो माझ्याच पायरीवर बसला म्हणून. गोळ्या सुरू झाल्या. तो त्या घ्यायचा, विसरायचा, पुन्हा घ्यायचा. आणि त्याच सुमाराला त्यानं दुकानात झोपायला सुरुवात केली.

कारण सांगायचा लग्नसराईचं. लग्नसराई संपली तर दिवाळीचं, दिवाळी संपली तर शाळेच्या गणवेशांचं. घर दुकानापासून शंभर पावलांवर. कमलवहिनी, म्हणजे त्याची बायको, दोन्ही वेळचा डबा आणून द्यायच्या आणि रिकामा घेऊन जायच्या. काज-बटणं करायला एक विधवा बाई दुपारची दुकानात यायची. फाट्यानं दोनाला दोन जोडले. वहिनींनीही जोडले. आणि खोटं कशाला बोलू, मीही जोडले. टेलरच्या कानावर ते सगळं गेलं होतं. त्यानं ते एका शब्दानंही नाकारलं नाही.

पुण्याला सागरला, म्हणजे त्यांच्या मुलाला, मुलगा झाला तेव्हा वहिनी बाळंतपणाला गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. नातू चार वर्षांचा झाला. टेलर स्वतःचं स्वतः करून खायचा. एकदा मी विचारलं, "वहिनी कधी येणार?" तर म्हणाला, "होईन बराबर," आणि मशीन जोरात चालवलं.

मग एका फेब्रुवारीत दुकान आठ दिवस बंद राहिलं. नवव्या दिवशी टेलर पाय फाकवत, एक एक पाऊल टाकत माझ्या काउंटरवर आला आणि जालन्याच्या दवाखान्याचं कार्ड पुढं केलं. त्यावर लिहिलेल्या गोळ्या द्यायच्या म्हणजे कार्ड वाचणं आलं. मी वाचलं. साखरेनं ज्या पुरुषांची ताकद जाते आणि गोळ्यांनीही परत येत नाही, त्यांच्यासाठी हे ऑपरेशन असतं. इंद्रियाच्या आत दोन सळ्या बसवतात, बाहेरून मऊ, आतून तारेच्या, वाकवल्या तशा राहणाऱ्या. पंपाचाही एक प्रकार असतो. यानं साधा घेतला होता.

मी वाचलेलं त्यानं पाहिलं. त्यानं पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडं नीट बघितलं असेल तर ते त्या दिवशी.

"हर्निया," तो म्हणाला.

"हर्निया," मी म्हणालो, आणि गोळ्या काढून दिल्या.

बारा वर्षं हा माणूस शंभर पावलांवरच्या घरात झोपायला का जात नव्हता, ते मला त्या कार्डावर कळलं. मला स्वतःची लाज वाटली. बाईच्या नावानं बदनाम होणं त्याला परवडत होतं, हे परवडत नव्हतं. आणि बायकोला बोलवायचं तर आधी सगळं दुरुस्त करून मगच, अशी त्याची समजूत. गिऱ्हाईकाला तो अर्धवट शिवलेला कपडा कधी दाखवायचा नाही, तसंच हे. वहिनींना त्यानं फोनवर सांगितलंही होतं, "उन्हाळ्यात नातवाला घेऊन ये." एवढंच.

हर्निया मात्र फाटाभर झाला. लोक बिस्किटाचे पुडे घेऊन भेटायला आले. टेलरनं स्वतःसाठी गुडघ्याखाली जाणारे दोन सदरे आणि भरपूर चुण्यांचे लेंगे शिवले, कारण त्या सळ्या कपड्यात लपवणं सोपं नसतं. ते बघून दोन म्हाताऱ्यांनी तशाच सदऱ्यांची ऑर्डर दिली. पण खरी कमाल बाजीरावनं केली. बाजीराव म्हणजे फाट्यावरचा खताचा दुकानदार. त्याला खराखुरा हर्निया होता आणि ऑपरेशनची भीती होती. टेलर आठ दिवसांत हिंडतोय म्हटल्यावर तो येऊन बसला.

"कोणत्या दवाखान्यात केलं? टाके किती? दाखव बरं."

"दाखवायसारखं काय हाय त्याच्यात?" टेलर म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम. "चांगला दवाखाना हाय. जा बिनधास्त."

बाजीराव खरंच गेला, आणि काउंटरवरच्या पोरीला छातीठोकपणे म्हणाला, "वाटूरच्या टेलरचं जे केलं, डिट्टो तेच माझं करा." डॉक्टर शहाणा होता. त्यानं बाजीरावला तपासलं, काही बोलला नाही, आणि त्याचा हर्निया दुर्बिणीतून करून चौथ्या दिवशी घरी पाठवला. हे टेलरनंच मला सांगितलं. सांगताना इतका हसला की त्याला टाक्यावर हात धरावा लागला. त्याला पोट धरून हसताना मी त्या एकाच वेळी पाहिलं.

पुढं जे झालं ते या बाजीरावमुळंच झालं. बाजीराव पंधरा दिवसांत पोती उचलायला लागला. चैत्रात हनुमान जयंतीचा सप्ताह बसला, सात दिवस पारायण. टेलर वीस वर्षं पहिल्या रांगेत वाचायला बसत आलेला. डॉक्टरनं त्याला बजावलं होतं की सहा आठवडे मांडी घालून बसायचं नाही, मशीनचं पायडल मारायचं नाही, आणि साखर तर दोनशेच्या वर जाऊच द्यायची नाही. सहामधले चारच आठवडे झाले होते.

"बसू नका," मी म्हणालो.

"बाजीराव बसून राह्यला ना. त्याचं माझ्यानंतर झालं. लोकं म्हणतीन, एकच ऑपरेशन, मंग टेलरला काय झालं?"

त्यानं हर्निया सांगितला होता, आता हर्नियासारखं वागणं भाग होतं. तो सात दिवस रोज चार-चार तास कडक मांडी घालून बसला. उन्हाळा, मांडवातली गर्दी, दुपारची पंगत, पंगतीत बुंदी. तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्याकडून दुखायची गोळी नेली. चौथ्या दिवशी तापाची. पाचव्या, सहाव्या दिवशीही. मी दिल्या. मला सगळं माहीत होतं आणि मी दिल्या. अशा रुग्णाला ताप आला, एका जागी दुखणं वाढत गेलं, कातडी लाल होऊन सळीला चिकटल्यासारखी वाटू लागली, तर गोळ्या देत बसायचं नसतं, त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचं असतं. मी ताप दाबत राहिलो आणि आत पू होत राहिला. टेलरनं मला कधी बोल लावला नाही. मी स्वतःला लावतो.

काल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं मला पडद्यामागं, ट्रायलच्या जागेत बोलावलं आणि दाखवलं. मी मेडिकलचं शटर ओढलं आणि त्याला गाडीत घातलं. जालन्यापर्यंत तो एकच वाक्य बोलला. "गाडी हळू घ्या, भाऊ."

साखर साडेतीनशे निघाली. सलाईनमधून इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरनं आम्हा दोघांना समजावून सांगितलं. एका सळीचं टोक आतून कातडीपर्यंत आलं होतं, कधीही बाहेर पडलं असतं. काही जणांचं आत सगळं धुऊन त्याच वेळी नवी सळी टाकता येते, म्हणजे जागा आकसत नाही. पण एवढी साखर, एवढा ताप आणि टोक बाहेर यायला आलेलं, अशात तो धोका घ्यायचा नाही. सळ्या काढायच्या, पू तपासायला पाठवायचा, लघवीला नळी टाकायची, आणि जखम उघडी ठेवून खालून भरू द्यायची. पुन्हा बसवायची तर सहा महिन्यांनी बघू, पण तोवर आतली जागा आकसते, फार अवघड जातं.

टेलरनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "दोन्ही काढा लागतीन का? एक राहू देता येईन?"

डॉक्टर म्हणाला, "पू दोन्हीला लागलाय, काका."

सहीसाठी जवळचा नातेवाईक हवा होता. टेलर म्हणाला, "तुम्हीच भाऊ म्हणून करा." मी बाहेर आलो आणि त्याला न विचारता वहिनींना फोन केला. आयुष्यात मी जी काही चार कामं न विचारता केली, त्यातलं हे एक. योग्य केलं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी एकट्याच आल्या. सागरला त्यांनी फक्त ताप आहे एवढं सांगितलं होतं. डॉक्टरनं केबिनमध्ये त्यांना सगळं सांगितलं. बाहेर आल्या तेव्हा चेहरा कोरडा होता. बाकावर माझ्याशेजारी बसल्या.

"भाऊ, म्हणजे ती काज-बटनवाली..."

"तसलं काहीच नव्हतं, वहिनी."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई असती तं मी भांडले असते तिच्याशी. चांगली झिंज्या धरून भांडले असते. आता कोणाशी भांडू? बारा वर्षं मी आरशात बघून राह्यले, की माझ्यात काय कमी पडलं. एका शब्दानं सांगायचं होतं ना यांनी."

आणि उठून सही केली. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट.

ऑपरेशन नीट झालं. पुवाच्या रिपोर्टप्रमाणे औषध बदललं, नळी निघाली, ताप उतरला. पंधरा दिवसांनी टेलर घरी आला. यावेळी दुकानात नाही, घरी. जखमेचं ड्रेसिंग रोज करायचं होतं. पहिले चार दिवस मी गेलो. पाचव्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "दाखवा मला, कसं करायचं ते." मी दाखवलं, सलाईनच्या पाण्यानं धुवायचं, पट्टी ओली करून अलगद आत भरायची, दाबायचं नाही. पहिल्या दिवशीच माझ्यापेक्षा चांगलं केलं त्यांनी. टेलर छताकडं बघत पडला होता. बारा वर्षं जे अंग त्यानं बायकोपासून लपवलं, ते तिच्यासमोर उघडं होतं, आणि कशा अवस्थेत. मी तिथून उठलो.

दोघं एकमेकांशी फारसं बोलत नव्हते. टेलर हळूहळू दुकानात येऊन तासभर बसायला लागला. मी विचारलं, "कसं काय?"

"बोलत न्हाई ती. पण हात हलका हाय," तो म्हणाला.

एवढं असून जखम काही भरेना. पंधरा दिवसांत भरायची ती महिना झाला तरी तशीच लाल. वहिनी काळजीनं त्याला माझ्याकडं घेऊन आल्या, मी साखर बघितली, तीनशे दहा. गोळ्या तर मी मोजून दिलेल्या. "घेतेत ना," वहिनी म्हणाल्या, "सकाळी दुकानात जाऊन घेतेत."

दोन दिवसांनी माझ्या सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून मी त्याच्याकडं गेलो. तो बाहेर चहा सांगायला गेला होता. पांढऱ्या बटणांचा डबा मीच उघडला. वर बटणं होती. खाली त्याच्या साखरेच्या गोळ्या होत्या, तीस-पस्तीस तरी.

तो आला तेव्हा डबा माझ्या हातात होता. मी ओरडलो. पाय कापायची पाळी आलेली माणसं मी रोज बघतो, विष अंगात भिनून मरणारी बघतो, आणि हा शहाणा गोळ्या बटणात ठेवतो! काय काय बोललो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. तो मशीनच्या फळीवर बोट फिरवत ऐकत राहिला.

"जखम भरली की ती जाईन, भाऊ," तो म्हणाला.

मी डबा फळीवर ठेवला.

"आठ वाजता गरम पाणी घेऊन येती. पंधरा मिनिटं बसती जवळ. मीच बसू दिलं नव्हतं ना इतके वर्षं. आता बसून राह्यली तं तुम्ही म्हणता भरून घ्या."

हे ऐकून कोणीही त्याला सूट दिली असती, मीही दिली असती. पण एकदा मी गप्प राहून त्याला मरणाच्या दारात पाठवलं होतं. मी दुपारी घरी जाऊन वहिनींना सांगितलं, गोळ्या कुठं आहेत आणि का आहेत, दोन्ही. त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी हातातली जुडी पुरी निवडून संपवली आणि म्हणाल्या, "बरं."

दुसऱ्या दिवसापासून गोळी त्यांच्या हातात. सकाळी ड्रेसिंग झालं की तळहातावर गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभ्या. तो गिळेपर्यंत हलायच्या नाहीत. तो गिळायचा. "तिच्या हातची गोळी, न्हाई म्हणता येत न्हाई," असं मला म्हणाला. प्रत्येक गोळीनं पुण्याची बस जवळ येत होती हे त्याला नीट माहीत होतं, आणि तो रोज तोंड उघडत होता. तीन आठवड्यांत साखर दीडशेवर आली आणि जखम भरली. जखम भरल्याचं इतकं दुःख झालेला रुग्ण मी दुसरा पाहिला नाही.

नातवाची शाळा सुरू व्हायची होती. वहिनींनी बॅग भरली. "येशील का परत?" असं टेलरनं विचारलं नाही. त्याला विचारता येत नसे. आणि वहिनींनीही आपणहून काही सांगितलं नाही. राग गेला होता असं मला वाटत नाही. तो बारा वर्षांचा होता, सात आठवड्यांत कुठं जाणार?

त्यानंतर टेलर आणखी दीड वर्ष माझ्या शेजारी मशीन चालवत होता, रोज दिसत होता. पण त्याचं नाव निघालं की मला तो त्या सकाळचा दिसतो.

पुण्याची बस माझ्या दुकानासमोरच थांबते. वहिनी खिडकीशी बसल्या. निघायच्या गडबडीत त्या दिवशीची गोळी राहिली होती, म्हणून टेलर काउंटरवर आला, माझ्याकडच्या पाण्यानं त्यानं ती घेतली, आणि तोंड पुसत खिडकीखाली जाऊन उभा राहिला. मी मागोमाग बॅग घेऊन गेलो होतो.

"गोळी घेतली का?" वहिनींनी विचारलं.

तो मान वर करून बघत होता. कमरेकडं नाही, कुठंच नाही, सरळ त्यांच्या तोंडाकडं.

"न्हाई घेतली," तो म्हणाला.

घंटा व्हायची होती. वहिनींनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. त्या खिडकीत बसल्यापासून माझ्या काउंटरकडंच तर बघत होत्या. मग त्यांनी पिशवीत हात घालून गोळ्यांची एक पट्टी काढली, एक गोळी फोडली आणि खिडकीच्या गजातून तळहात खाली केला. ती पट्टी मला लांबूनही ओळखू आली असती. गुडघ्यांसाठी त्या घ्यायच्या ती कॅल्शियमची, मीच विकलेली. टेलरनं ती उचलली आणि पाण्याशिवाय त्यांच्यासमोर गिळली. गिळून होईपर्यंत त्यांनी हात आत घेतला नाही.

मंठ्याकडून आलेली बस धूळ उडवत जालन्याच्या रस्त्याला लागली. टेलर तिथंच उभा होता. बस दिसेनाशी झाल्यावर मला म्हणाला, "भाऊ, दोन झाल्या आज. काही होईन का?"

"काही होत न्हाई," मी म्हणालो.